आतोबांचं चाकसू

सकाळी तोंड धुवायला बाहेर यावं, तर ओसरीवर माणसं डोळे मिटून बसलेली असायची. कुणाच्या पापण्या पिवळ्या चिपडांनी चिकटलेल्या, कुणाचे डोळे लालभडक सुजलेले, कुणाच्या गालावरून पाणी गळून वाळलेलं. माश्या त्यांच्या पापण्यांच्या कडेला बसायच्या, गुळाच्या ढेपेवर बसाव्यात तशा. माणसं त्यांना हाकलतही नसत. हाकलून हाकलून दमलेली असत. मी तांब्या घेऊन त्यांच्यामधून वाट काढत मोरीकडे जायची आणि परत आल्यावर आत्यानं पुढं ठेवलेला चहा मला घशाखाली उतरत नसे.

पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं लोटली होती. मला शहरातल्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि राहायला म्हणून मी हर्सूलला, आत्याकडे आले. सख्खी आत्या, वडिलांच्या पाठची. तिची मुलगी लग्न होऊन जालन्याकडे गेलेली. घरात आत्या आणि आतोबा दोघंच. मी आल्यावर आत्याला बोलायला माणूस मिळालं, कारण आतोबा घरात बोलत नसत. त्यांचं सगळं बोलणं ओसरीवर व्हायचं.

आतोबा निजामाच्या अमलात गिरदावर होते. घोड्यावरून गावोगाव पिकं तपासायची, सारा ठरवायचा. वेशीपाशी ते दिसले की पाटील पागोटं सावरत धावत यायचा, असं आत्या सांगायची. राज्य बदललं, नवे अंमलदार आले, उर्दू दफ्तरं कपाटात गेली आणि आतोबांना घरी बसवलं. शेत होतं, विहीर होती, पोटाला काही कमी नव्हतं. कमी झाला तो सलाम. रस्त्यानं चालताना ते समोरच्या माणसाचा हात कपाळाकडे जातो का, हे तिरक्या नजरेनं बघायचे. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

चाकसू त्यांचं नव्हतं. ते शेजारच्या खालांचं; त्या मुसलमान, सगळी गल्ली त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. खालांच्या घरची माणसं छावणीत शिवणकाम करायची. मधली भिंत कमरेएवढी, तिच्यावरून दोघी बायांचं कोथिंबिरीपासून दुखण्यापर्यंत सगळं चालायचं. मी येण्याआधी एका पावसाळ्यात सगळ्या गल्लीचे डोळे आले. आत्याचेही आले. तेव्हा खालांनी तिला चाकसू करायला शिकवलं. चाकसू म्हणजे काळ्या, चपट्या, चकचकीत बिया. अत्ताराकडे, जडीबुटीच्या दुकानात मिळतात. त्या कापडात बांधून बडीशेप आणि कडुलिंबाचा पाला घातलेल्या पाण्यात चांगल्या उकडायच्या. मग हातानं चोळून साल काढायची. आतला पिवळा गर सावलीत वाळवायचा, खलात घोटायचा, इतका की बोटाला लागू नये, आणि मलमलीच्या कापडातून गाळायचा.

"बिचमें कंटाळा आया तो फेक देना गे," खाला तिला म्हणाल्या होत्या. "आधा हुआ चाकसू आँख में नक्को."

आत्याला गुण आला. डोळ्यांची खाज गेली, सकाळी पापण्या चिकटायच्या त्या चिकटेनात. तिनं गल्लीतल्या आणखी एक-दोघींना दिलं, त्यांनाही बरं वाटलं. हे मी मुद्दाम सांगते. पुढचं सगळं पाहून मला त्या बियांचा राग येतो, पण खरं ते खरं. रीतसर केलेल्या चाकसूनं माणसांना आराम पडायचा.

पुढच्या पावसाळ्यात बाया आत्याला विचारत दारात यायला लागल्या, तशी आतोबांनी डबी स्वतःच्या हातात घेतली. ओसरीवर घोंगडी टाकून बसले. आधी बाया आल्या, मग त्यांचे नवरे, मग आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरचे. आतोबा पैसा घेत नव्हते. कुणी नारळ आणला तर तोही परत करायचे. त्यांना पैसा नकोच होता. माणूस उठताना वाकून हात जोडायचा, तेव्हा ते डोळे किंचित मिटून मान हलवायचे. त्यांना ते हवं होतं. आणि फुकट औषध देणाऱ्याला उलट विचारायचं तरी कसं? गुण नाही आला तर लोक आपल्याच नशिबाला बोल लावत.

थोड्या दिवसांत त्यांनी एक गोष्टही रचली. खुलताबादच्या डोंगरावर, गिरदावरीत असताना, एका फकिरानं म्हणे त्यांना ही विद्या दिली, आणि विकायची नाही म्हणून वचन घेतलं. ओसरीवर ही गोष्ट चालू असताना भिंतीपलीकडून खाला आत्याला हळूच म्हणाल्या, "तो फकीर मैंच क्या गे?" आत्या तोंडाला पदर लावून हसली. तेव्हा आम्हाला हसू येत होतं.

गर्दी वाढली तसं औषध पुरेना. उकडलेलं चाकसू दमट राहिलं तर बुरसतं, सोलायला वेळ लागतो, गाळताना निम्मं वाया जातं. आतोबांनी आधी उकडणं सोडलं. मग सोलणं सोडलं. आत्यानं तक्रार केली तर म्हणाले, "सालीतच खरी ताकद आस्ती." शेवटी ते अत्ताराकडून आणलेल्या बिया, त्यातल्या किड्यांच्या जाळीसकट, उखळीत कुटायला लागले. वर त्यात मोरचूद घातलं. का, तर लोकांना झोंबायला पाहिजे. थंड लागलं की माणसाला वाटायचं, पाणीच घातलं. झोंबलं, माणूस कळवळला, डोळ्यातून धारा लागल्या की तो म्हणायचा, "लई जालीम हाय औषध!" आणि खूश होऊन जायचा.

पण ह्यापेक्षाही मला किळस यायची ती सळईची. चांदीची बारीक सळई होती. पूड तिला चिकटावी म्हणून आतोबा ती जिभेवर ओढायचे. तंबाखूनं काळवंडलेल्या त्या जिभेवर. मग डबीत बुडवायचे, मग समोरच्याची पापणी अंगठ्यानं उलटी करून आतून फिरवायचे. मग धोतराच्या सोग्याला पुसायचे, पुन्हा जिभेवर, पुन्हा डबीत, पुढच्याच्या डोळ्यात. सोग्यावर पिवळे, हिरवट डाग वाळून कडक झालेले असत. ते धोतर आत्या धुवायची. एका माणसाचा पू, आतोबांची लाळ, दुसऱ्याचा डोळा, अशी ती सळई दिवस उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत फिरत राहायची. ओसरीवरून उठून ते त्याच हातानं जेवायला बसायचे आणि आत्याच्या ताटातली मिरची उचलायचे.

मी एकदा म्हटलं, "आतोबा, सळई निदान गरम पाण्यात तरी धुवावी. एकाचं दुसऱ्याला लागतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "पोरी शाळा शिकल्या की डाक्तर होत्यात बरं का." म्हातारा हसला. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं, तरी हसला.

त्या वर्षी ज्वारीची रास करताना आत्याच्या डाव्या डोळ्यात भुशाचा कण गेला. उफणणी चालू होती, वारा फिरला, आणि ती डोळा धरून खाली बसली. घरी येऊन तिनं डोळा पाण्यानं धुतला. कण निघाला असावा, पण सकाळी डोळा लाल दिसत होता.

"काय नाय, निवंल," ती म्हणाली. "आज एक दिवस झाकून ठिवते."

ती ओसरीवरून पाण्याला निघाली तेव्हा माणसं बसलेलीच होती. आतोबांनी तिचा डोळा पाहिला.

"हिकडं ये. बस."

"आज नको. धुतलाय मी."

"नको?" आतोबांचा आवाज चढला. "माझ्याच घरातली बाई नको म्हणली तर ह्या लोकांनी काय समजायचं?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. जे डोळे उघडत होते त्यांनी डोळ्यांनी, बाकीच्यांनी नुसत्या माना वळवून. आत्यानं घागर खाली ठेवली, पदर दातात धरला आणि बसली. मी दारात उभी होते. सळई जिभेवरून गेली, डबीत गेली, आत्याच्या पापणीखाली गेली. आत्या ओरडली नाही. तिच्या पायाची बोटं मात्र जमिनीवर आवळली गेली.

"आग होतीया."

"आग झाली म्हंजी लागू पडलं," आतोबा लोकांना म्हणाले.

दिवस मावळेपर्यंत तिला डोळा उघडता येईना. दुसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तांदळाच्या कणीएवढा. आतोबांनी पुन्हा सळई फिरवली. ठिपका वाढला. उजेड आला की आत्या भिंतीकडे तोंड करून निजायची, कण्हायची, आणि पापणीखालून घट्ट पिवळं पाणी उशीवर उतरायचं. उशीला वास यायला लागला.

मी म्हटलं, "दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"तिथं डोळा कापून काढत्यात," आतोबा म्हणाले. आणि मग, मी ऐकतेय ह्याची पर्वा न करता, "गिरदावराची बायको डोळ्याच्या दवाखान्यात गेली म्हणल्यावर उद्या ह्या ओसरीवर कुत्रंसुद्धा यायचं नाय."

तोवर मला वाटत होतं की माणूस अडाणी आहे, हट्टी आहे, पण त्याचा आपल्या औषधावर विश्वास आहे. त्या वाक्यानं तेही गेलं. त्या क्षणी मला त्यांच्या सळईपेक्षा त्यांचीच जास्त किळस आली.

दोन दिवसांनी ते खुलताबादला गेले. तिथल्या कुणी ओळखीच्यानं डोळे बघायला बोलावलं होतं. ते फाट्यावरून दिसेनासे होताच मी भिंतीवरून खालांना हाक मारली. खालांनी टांगा थांबवून ठेवला होता, म्हणजे त्याही वाट बघत होत्या. आम्ही दोघींनी आत्याला मधे बसवलं, डोक्यावरून चादर घेतली. रस्ताभर टांग्याचा हादरा बसला की ती माझं मनगट आवळायची. डबी मी पिशवीत घातली होती.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, खेड्यातून शिकून आलेले असावेत. त्यांनी पापणी उचलली आणि उजेडात धरून बुबुळ नीट पाहिलं.

"काय घातलं होतं?"

मी डबी दिली. त्यांनी चिमूटभर पूड कागदावर घेऊन बोटानं पसरली.

"चाकसू ना हे? आमच्या घरी आईपण घालायची. उकडून, सोलून, वस्त्रगाळ करून. आलेल्या डोळ्यांना थंडावा येतो, नाही असं नाही. पण हे बघा, सालीचे तुकडे. हे निळं मोरचूद. ही वाळू आहे, बाई. ह्यांच्या बुबुळावर आधीच चरा पडला होता. अशा डोळ्यात चांगलं चाकसूसुद्धा घालायचं नसतं. काहीच घालायचं नसतं, तडक इथं यायचं असतं."

"डोळा राहील का?" मी विचारलं.

"डोळा राहील," ते म्हणाले. "नजरेचं मी बोलत नाही."

खाला तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. "मैंने दी थी इसको ये दवा," असं काहीतरी पुटपुटल्या. आत्या खाटेवरून म्हणाली, "तुम्ही दिली ती दवा नव्हती ही, खाला. तुमची मी घातली व्हती, तवा बरी झाले व्हते."

आत्याला तिथं ठेवून घ्यावं लागलं. शाळा सुटली की मी जायची. आतोबा एकदाच आले. दाराशी उभे राहिले, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "काय घाण वास मारतोय इथं." फिनेलचा वास होता तो. आत्याच्या उशाशी बसलेली मी उठून बाहेर गेले.

डोळा राहिला. बुबुळावर पांढरं फूल पडलं, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, आणि त्यातून तिला उजेड-अंधार तेवढा कळायचा. घरी आली तोपर्यंत आतोबांनी ओसरीवर सांगून टाकलं होतं. "दवाखान्यातल्या थेंबांनी डोळा घालवला बघा. माझ्या औषधानं उतार पडत आला व्हता." लोक चुकचुकत होते. गर्दी कमी झाली नव्हती, उलट वाढलीच होती.

आत्या आठवडाभर आतच होती. मग एके दिवशी सकाळी ती ओसरीवर आली आणि आतोबांच्या शेजारी, घोंगडीवर, बसली. एवढ्या वर्षांत ती तिथं कधी बसली नव्हती. तिनं कपाळावरचा पदर मागं सारला. काही बोलली नाही. येणाऱ्या प्रत्येकाकडे तोंड करून नुसती बसली, म्हणजे त्याला तो डोळा दिसावा.

"आत जा," आतोबा दातांतून म्हणाले.

"बसू द्या की. माझंबी घर हाय."

मला वाटलं, आता माणसं उठून जातील. एक-दोघं गेली. बाकीच्यांनी तिच्या डोळ्याकडे पाहिलं, नजर खाली घातली, आणि सळईपुढं तोंड केलं. एक शेतकरी तर आत्यालाच म्हणाला, "आक्का, तुमचं नशीब खोटं. मालकांच्या हाताला येस हाय." मला त्या लोकांचीही शिसारी आली. समोर माणूस उपडा पडलेला दिसत असताना त्याच्यावर पाय देऊन पुढं जाणारी माणसं. 

आत्या रोज बसत राहिली. आतोबा तिच्याकडे पाठ करून औषध घालायचे. मग एक दिवस एक बाई कडेवरचं लेकरू घेऊन आली. लेकराचे डोळे आले होते, रडून रडून त्याचा आवाज बसला होता. आतोबांनी त्याचं डोकं गुडघ्यात धरलं, सळई जिभेवर ओढली. तेवढ्यात आत्यानं हात पुढं करून लेकराच्या दोन्ही डोळ्यांवर तळवा ठेवला.

"हात काढ."

"नाय काढत."

"हात काढ म्हणतो!"

"आधी तुमच्या डोळ्यात घाला," आत्या म्हणाली. आवाज अगदी साधा, ताकात मीठ किती घालू विचारावं तसा. "ह्या लोकांसमोर. घाला, मंग काढते."

ओसरीवरची सगळी आतोबांकडे वळली. आतोबांच्या हातात सळई होती, तिच्यावर पूड होती. त्यांनी लोकांकडे पाहिलं.

"मला कुठं डोळे आलेत?" ते म्हणाले.

"तुमचं औषध तर नजर वाढवतं म्हणं. तुम्हीच सांगता की रोज."

कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं. आतोबांनी सळई उचलली, डोळ्यापर्यंत नेली. पापणी घट्ट मिटली. त्यांनी हात खाली घेतला, सळई डबीत टाकली, "बायकांच्या तोंडी कोण लागतंय" म्हणत उठले आणि आत जाऊन कोठीचं दार लावून घेतलं. लेकराच्या आईनं लेकरू उचललं. मी तिला टांगाअड्ड्यापर्यंत पोचवलं आणि दवाखाना कुठं आहे ते टांगेवाल्याला नीट समजावून सांगितलं.

त्यानंतरही लोक येत राहिले, पण कमी. ज्यांनी तो खाली आलेला हात पाहिला होता त्यांनी आपापल्या गावी सांगितलं असणार. पुढच्या पावसाळ्यात ओसरी रिकामी होती. आतोबा तरी सकाळी घोंगडी टाकायचे, बसायचे, आणि ऊन चढलं की घडी घालून आत आणायचे. मला दया आली नाही. यायला हवी होती असं लोक म्हणतात. आली नाही.

मी लग्न होऊन शहरात राहायला गेले. बऱ्याच वर्षांनी आतोबांना मोतीबिंदू झाला. ते स्वतःच्या पायांनी, कुणालाही न विचारता, त्याच सरकारी दवाखान्यात दाखवून आले. शस्त्रक्रियेचा दिवस घेऊन आले. चाकसूचा दाणाही त्यांनी डोळ्याजवळ नेला नाही. खुलताबादच्या फकिराचं नाव काढलं नाही. आत्यानं मला निरोप पाठवला, "तू जा. मला व्हायचं नाय." ती भांडली नाही, अबोलाही धरला नाही. त्यांचा डबा मात्र ती रोज करून पाठवायची, भाकरी मऊ, तिखट कमी.

शस्त्रक्रिया चांगली झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून थेंब घालायचे होते. परिचारिकेनं मला दाखवून ठेवलं होतं. मी कापूस पिळून डोळ्याची कड पुसायला वाकले, तसा आतोबांनी माझा हात धरला.

"साबणानं धुतलास का?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या चेहऱ्यावर काही नव्हतं. खजील होणं नव्हतं, आठवण नव्हती. म्हातारा माणूस आपल्या डोळ्याची काळजी करत होता, इतकंच. मी "हो" म्हटलं, थेंब घातले, पट्टी बांधली आणि नळावर जाऊन पुन्हा हात धुतले, कोपरापर्यंत.

घरी जायच्या आधी मी हर्सूलला जाऊन आले. आत्या अंगणात बसून तूर पाखडत होती, चांगल्या डोळ्याच्या बाजूला सूप कलतं धरून. भिंतीपलीकडं खालांची सून कपडे वाळत घालत होती. खाला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

"कसं झालं?" आत्यानं विचारलं.

"चांगलं झालं. दिसेल म्हणाले."

"बरं झालं," ती म्हणाली. सुपातला एक खडा तिनं बोटांनी चाचपून काढला, अंगणाबाहेर टाकला. "त्यांना दिसलेलंच बरं. आंधळ्या माणसाचं करायला मला आता व्हनार नाय."